कॉन्टेसासाठी दोन टर्बो: बेळगावात बसून केलेला आराखडा

जुन्या गाडीला टर्बो (इंजिनाच्या धुरावर फिरून सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबणारा पंखा) लावायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘कुठला टर्बो?’ बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले मित्र, कोल्हापूरचे पाहुणे, एवढंच काय, पेट्रोल पंपावरचा पोरगाही हेच विचारायचा. माझ्या वहीत मात्र टर्बोचं पान बरंच मागं आहे आणि खर्चाच्या यादीत तर त्याचा नंबर खालच्या अंगालाच लागतो. हिंदुस्थान कॉन्टेसाच्या 1.8 पेट्रोल इंजिनावर दोन टर्बो बसवायचा बेत मी जानेवारी 2024 मध्ये धरला. जानेवारी 2026 मध्ये आराखडा पुरा झाला. कागदपत्रं, मोजमापं, ओतकाम, मागवलेले भाग, सगळं हातात आहे. इंजिन बांधायला आता घेणार. पण माणूस जिथं अडतो, वैतागतो आणि शेवटी गाडीवर ताडपत्री टाकून गप्प बसतो, ते सगळं बांधणीच्या आधीच असतं. म्हणून हकिकत आत्ताच लिहून काढतोय.

गाडी माझ्या काकांनी निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याकडून घेतलेली, 1993 ची, केए-23 पासिंगची. कॉन्टेसा मूळची इंग्लंडची व्हॉक्सहॉल व्हिक्टर. हिंदुस्थान मोटर्सनं ती इथं आणली तेव्हा सुरुवातीला तिच्यात अँबेसिडरचंच 1489 सीसीचं इंजिन होतं. एवढं धूड आणि जेमतेम पन्नास घोडे. नंतर इसुझूचं 1817 सीसीचं इंजिन आलं, 84 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 82 मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), तेव्हा कुठं गाडी पळायला लागली. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, वर एकच कॅमशाफ्ट. याच घराण्यातलं दोन लिटरचं इंजिन इसुझूनं स्वतः टर्बो लावून पियाझा गाडीत विकलं होतं. म्हणजे बेत अगदीच हवेतला नव्हता. बॉनेटखाली जागाही ऐसपैस आहे, कारण विलायतेत याच बॉडीत 3.3 लिटरचं सहा सिलिंडरी इंजिनसुद्धा बसायचं.

‘चार सिलिंडरला दोन टर्बो कशाला? एक मोठा लाव की,’ हे मला हमखास ऐकवलं जातं आणि त्यात तथ्य आहे. 180 घोड्यांसाठी योग्य मापाचा एक टर्बो पुरतो. पायपिंग निम्मं, उष्णता निम्मी, डोकेदुखी निम्मी. दोनच्या बाजूनं दोन गोष्टी होत्या. इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरचा धूर एका टर्बोला, दुसऱ्या-तिसऱ्याचा दुसऱ्याला दिला की प्रत्येक टर्बोला क्रँकच्या दर फेरीला एक असे समान अंतरानं धक्के मिळतात आणि एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. दुसरी गोष्ट व्यवहाराची. हल्लीच्या 1.2 लिटर टर्बो पेट्रोल गाड्यांचे छोटे टर्बो अपघातात निकामी झालेल्या गाड्यांतून सहज मिळतात. तिसरं कारण हौस. हौसेला मोल नसतं, पण बिल येतं, हे पुढं दिसेलच.

सगळ्यात आधी गेलो ते आरटीओत. फेब्रुवारीत. बेळगावच्या ऑफिसात अर्ज कन्नडमध्ये दिला तर चौकशी लवकर पुढं सरकते असं ऐकलं होतं. माझं कन्नड बाजारापुरतं, लिहिण्याजोगं नाही, म्हणून शेजारच्या टीचरबाईंकडून अर्ज लिहून घेतला. मोटार वाहन निरीक्षकांनी तो वाचला, चष्मा काढला आणि मराठीतच म्हणाले, “इंजिनाला टर्बो लावून रस्त्यावर आणणार म्हणतासा? होत नाही ते. कलम 52 वाचून या.”

ते वाचलं. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी नेण्यासाठी मंजूर किट लावायला सवलत आहे. ताकद वाढवण्यासाठी नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच उचलून धरलं. त्याच वर्षी कायद्यात 182-अ हे कलम आलं: बेकायदा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड किंवा दोन्ही. ‘कोण बघतंय’ म्हणणारे पुष्कळ भेटले. अपघात झाला की विमा कंपनी बघते, एवढं मी त्यांना सांगायचो.

इथंच एक गोष्ट ज्यांच्याकडं काकांच्या गाडीहूनही जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी. 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. नवीन नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. अशी गाडी रोज वापरायची नसते, रॅली-प्रदर्शनाला आणि पेट्रोल-दुरुस्तीला तेवढी रस्त्यावर आणता येते. म्हणजे आजोबांची फियाट किंवा अँबेसिडर असेल आणि ती व्हिंटेज करायचा विचार असेल, तर तिच्या इंजिनाला हात लावण्याआधी दोनदा विचार करा. एकदा बदललं की तो दरवाजा बंद.

मग माझ्यापुढं दोनच वाटा उरल्या. बेत सोडायचा, नाहीतर टर्बोचं इंजिन रस्त्यावर न येणाऱ्या, शर्यतीच्या ट्रॅकवरच पळणाऱ्या गाडीत घालायचं. काकांच्या गाडीला हात लावायचा नाही, हे घरात आधीच ठरलं होतं. काकू म्हणाल्या, “त्या गाडीतनं माझी वरात आलीय, तिचं आतडं काढायचं न्हाई.” विषय संपला. ती गाडी मूळ इंजिनावर, मूळ कार्बोरेटरवर आजही चालते. जाता जाता: ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी दहा हजार झाली आहे, तुमची तारीख जवळ असेल तर पैसे बाजूला ठेवा.

दुसरी कॉन्टेसा शोधायला उन्हाळा गेला. संकेश्वर, चिकोडी, गडहिंग्लज, खाली खानापूरपर्यंत. गोठ्यात, गॅरेजच्या मागं, एक तर ऊसतोड टोळीच्या झोपड्यांशेजारी कोंबड्यांचं खुराडं होऊन पडलेली. सांगाडा मिळणं अवघड नव्हतं, कागद मिळणं अवघड होतं. गाडी शर्यतीपुरतीच ठेवायची असली तरी ती कुणाच्या नावावर जिवंत असता कामा नये. कर थकलेला, मालक वारलेला, वारस तिघे आणि तिघांचं पटत नाही, असल्या गाडीच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. कलम 55 खाली नोंदणी रद्द झाल्याचं पत्र पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हा नियम मी शेवटपर्यंत पाळला. मे महिन्याच्या अखेरीस निपाणीजवळ एक मिळाली, नोंदणी रद्द, पत्र मालकाच्या ट्रंकेत जपून ठेवलेलं, आणि इंजिनासकट. बावन्न हजार. वर साडेसहा हजार सपाट ट्रेलरचे, कारण अशी गाडी रस्त्यावरून ओढूनसुद्धा आणायची नसते.

शर्यतीची गाडी म्हटल्यावर देशातल्या मोटर स्पोर्टची संघटना एफएमएससीआय, तिचे नियम आणि आत बसवायचा रोल केज (गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) आला. केजची नळी बाजारातली कुठलीही चालत नाही. सीमलेस (बिनजोडाची), कोल्ड ड्रॉन (थंड ओढलेली), मुख्य कमान 45 मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मिलिमीटर जाडीची, किंवा 50 ला दोन. माझ्या ओळखीच्या फॅब्रिकेटरनं आधी ‘जोडाचा ईआरडब्ल्यू पाइप घालूया, कोण कापून बघतंय’ म्हटलं. त्याला चहा पाजून निघून आलो. दुसऱ्यानं पासष्ट हजारांचं कोटेशन दिलं, मटेरियल टेस्ट सर्टिफिकेटसकट. त्याचं धरलं.

जूनमध्ये पाऊस लागला. बेळगावचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. सप्टेंबरपर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये काही करायची सोय नसते. तो काळ आकडेमोडीत गेला, आणि ते बरंच झालं.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, आकड्यांची भीती नाही. पण टर्बोची आकडेमोड करताना एक गोष्ट पहिल्यांदाच ध्यानात आली. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. हवेचा दाब इथं समुद्रकाठच्यापेक्षा आठ-नऊ टक्के कमी. 0.7 बारचा बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेवरचा जादा दाब, मुंबईत द्यायला कॉम्प्रेसरला (टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या चाकाला) दाब 1.7 पट करावा लागतो, बेळगावात 1.76 पट, आणि फिल्टर-पाइपातली तूट धरली तर 1.8 पट. म्हणजे तेवढ्याच बूस्टसाठी इथला टर्बो जास्त फिरतो आणि हवा जास्त तापते. नेटवर तयार मिळणारे आकडे बहुतेक समुद्रसपाटीचे असतात. कोल्हापूर, बेळगाव, पुणे असल्या गावात राहणाऱ्यांनी ते जसेच्या तसे उचलू नयेत.

बाकी हिशेब असा बसला. सहा हजार आरपीएमला इंजिन मिनिटाला आठ किलोच्या थोडी वर हवा ओढणार. त्यातून अंदाजे 180 घोडे. दोन टर्बोंत वाटले तर प्रत्येकी नव्वद, आणि 1.2 लिटरच्या टर्बो पेट्रोल गाड्यांची ताकद त्याच आसपास सुरू होते. इथं माझा जीव भांड्यात पडला. डिझेल गाड्यांचे टर्बो भंगारात याहून स्वस्त आणि ढिगानं मिळतात, ते मात्र घेऊ नका. डिझेलच्या धुरापेक्षा पेट्रोलचा धूर बराच तापतो, नऊशे अंशांच्या वर जातो. डिझेल टर्बोच्या टर्बाइनला (धुरावर फिरणाऱ्या चाकाला) तो सोसेलच असं नाही.

पस्तीस अंशांची हवा 1.8 पट दाबली की कॉम्प्रेसरमधून बाहेर पडताना एकशेवीस अंशांच्या घरात जाते. तशीच सिलिंडरमध्ये सोडली तर पेट्रोल वेळेआधी पेटणार, पिस्टनचा माथा जाणार. म्हणून दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर हवाच. म्हणूनच कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आतली हवा किती पट दाबतो ते प्रमाण, तेही खाली आणायचं ठरवलं, आठाला एक.

सप्टेंबर अखेरीस सांगाड्यातलं इंजिन उतरवून खोललं. माझे मिस्त्री मामा शहापूरचे, वय सत्तरीला टेकलेलं. त्यांनी आयुष्यात पुष्कळ अँबेसिडर आणि कॉन्टेसा बांधल्या, टर्बो एकही नाही. तरी प्रत्येक बोल्ट सुटताना किती कडक लागला ते त्यांनी मला वहीत लिहायला लावलं. दसऱ्याला खंडेनवमीची पूजा झाली, दोन दिवस सगळे कारखाने बंद, मग ब्लॉक तपासणीला गेला.

या कामात बेळगावात राहण्यासारखं सुख नाही. क्रँकला भेगा आहेत का ते चुंबकीय पावडर लावून बघणं, सिलिंडरच्या भिंतीची जाडी अल्ट्रासोनिक मीटरनं मोजणं, ब्लॉकची वरची पाठ सीएमएम या मोजणी यंत्रावर तपासणं, सगळं दोन-तीन किलोमीटरच्या आत होतं. तपासणीचे मिळून साडेतीन हजार गेले. भिंत सर्वांत पातळ जागी साडेचार मिलिमीटरच्या आसपास निघाली, म्हणजे अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज बोअर करायला हरकत नव्हती. तुमचा ब्लॉक गंजलेला असेल तर पाणी फिरतं त्या बाजूनं भिंत खाल्लेली असू शकते, तेव्हा चार सिलिंडर, वर-मध्ये-खाली आणि चारी बाजूंनी मोजून घ्या. एका ठिकाणी मोजून ‘ओके’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

हेडचं माप आम्ही घरीच काढलं. हेड उलटं ठेवायचं, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवायचे, कडेला ग्रीस लावून वर ॲक्रिलिकची भोक पाडलेली पट्टी दाबायची आणि त्या भोकातून ब्युरेटनं स्पिरिट सोडायचं. स्पिरिट पाण्यासारखं, पातळी दिसत नाही. मामांनी स्वयंपाकघरातून चिमूटभर हळद आणवली. पिवळं स्पिरिट हळूहळू चढलं, शेवटचा बुडबुडा पट्टीखालून कडेला सरकत सरकत भोकातून बाहेर पडला आणि मामा म्हणाले, “थांब, वाच आता.” नवीन बोअरला एका सिलिंडरचा व्याप 460 सीसी. आठाला एक कॉम्प्रेशन हवं तर हेड, गॅस्केट आणि पिस्टनवरची वाटी मिळून जागा 66 सीसीच्या जवळ यायला पाहिजे. हेडचं माप हातात आल्यावरच पिस्टनची वाटी किती खोल ते ठरतं. हे माप न देता पिस्टन मागवणं म्हणजे उंची न सांगता पँट शिवायला टाकणं.

सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त मजा एक्झॉस्ट मॅनिफोल्डनं, म्हणजे सिलिंडरांचा धूर टर्बोकडं नेणाऱ्या भागानं घेतली. बाजारात तो मिळणार नव्हताच. स्टीलच्या नळ्या जोडून करता येतो, पण दोन टर्बोंचं वजन आणि इतकी उष्णता घेऊन वेल्डिंग किती दिवस टिकेल याची मला खात्री नव्हती. आणि बेळगावात राहून ओतकाम करून घ्यायचं नाही, तर मग कुठं?

संगणकावर डिझाइन केलं, थ्री-डी प्रिंटरवर पॅटर्न (वाळूचा साचा उठवायचा नमुना) छापला आणि नोव्हेंबरात एका पॅटर्नवाल्या अण्णांकडं घेऊन गेलो. अण्णा मूळचे गोकाकचे, घरात कन्नड, दुकानात मराठी. त्यांनी पॅटर्न हातात घेऊन फिरवला, कानाशी नेऊन टिचकी मारली, कशासाठी ते कळलं नाही.

“श्रिंकेज धरलासा?”

“गोठताना धातू आकसतो त्याचा एक टक्का धरलाय.”

“आणि हा कोपरा? इथं एवढा जाड, इथं एवढा पातळ. जाड भाग शेवटी गोठणार. आत पोकळ ऱ्हाणार बघा.”

मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि माझ्या डिझाइनचा निकाल लावला. मी चारही पोर्ट एकाच तुकड्यात घेतले होते, 1-4 ची वाट 2-3 ला वळसा घालून. अण्णा म्हणाले, दोन वेगळे तुकडे करा. आतला छोटा 2-3 चा, बाहेरचा लांब 1-4 चा. आतली पोकळी घडवणारा वाळूचा कोअर सोपा होतो, ती वाळू नंतर नीट निघते, आणि तापल्यावर लांब तुकडा वाढतो त्याला मोकळीक राहते, फ्लँज तडकत नाही. वर्षानुवर्षं ट्रॅक्टरचे मॅनिफोल्ड बघितलेल्या माणसाचा हा शहाणपणा कुठल्याही सॉफ्टवेअरनं मला दिला नसता. पॅटर्न आणि कोअर बॉक्सचे अकरा हजार घेतले.

धातूसाठी साधं बीड नको होतं. एक्झॉस्टसाठी वापरतात ते सिलिकॉन-मॉलिब्डेनमचं एसजी आयर्न, म्हणजे चिवट जातीचं बीड, ज्याला फाउंड्रीत सायमो म्हणतात, ते हवं होतं. त्यात सिलिकॉन चार टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून ते लाल होईपर्यंत तापूनही लवकर खवले धरत नाही. अडचण अशी की भट्टी पाचशे किलोची आणि माझे तुकडे पाच-पाच किलोचे. माझ्यासाठी कोण हीट, म्हणजे भट्टीभर धातू, काढणार? ओळखीच्या फाउंड्रीत सांगून ठेवलं की तुमच्या गिऱ्हाइकाची सायमोची हीट असेल तेव्हा शेवटचा डावभर धातू माझ्या साच्यात ओता. डिसेंबर गेला, संक्रांत गेली, शिमगा गेला. मार्चच्या शेवटी संध्याकाळी फोन आला, “आज हाय, येतासा काय?”

कामावरून तसाच गेलो. कढईतून ओततानाचा तो पिवळा पांढरा धातू किती पातळ वाहतो हे रोज कास्टिंग मोजणाऱ्या मलाही नव्यानं जाणवलं. दुसऱ्या दिवशी साचा फोडला, शॉट ब्लास्ट करून तुकडे हातात आले. दोन्ही तोंडं बंद करून आत हवा भरली आणि पाण्याच्या टाकीत बुडवले. लांब तुकड्याच्या फ्लँजजवळ बारीक बुडबुड्यांची रांग. अण्णांनी दाखवलेलाच कोपरा. रायझर (गोठताना जादा धातू पुरवणारा साच्यातला भाग) सरकवून पुढच्या हीटला पुन्हा ओतलं, जूनमध्ये. या वेळी जादा जोडही ओतून घेतला आणि पाणी शांत राहिलं. ओतकामाचे सहा हजार, मशिनिंगचे साडेसात. खरा बाजारभाव याच्या कितीतरी पट झाला असता, हे ओळखीचं काम आहे हे ध्यानात ठेवा.

टर्बो याच दरम्यान, मे महिन्यात घेतले. जोडीचे बावीस हजार. शाफ्ट हातानं हलवून बघायचा: बाजूला किंचित हलला तर चालतो, आत-बाहेर हलला तर ठेवून यायचं. नवीन किट घालून बॅलन्सिंग करून घ्यायला नऊ हजार लागले. ऑइल परत येण्याची नळी जाड हवी आणि ती उताराने संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत), तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवी. टर्बोची जागा ठरवताना मी आधी ही नळी काढली, मग बाकीचं.

आता पेट्रोल. आपल्या भागात चहूकडं ऊस, जागोजाग साखर कारखाने आणि त्यांना लागून इथेनॉलचे प्रकल्प. पंपावर मिळतं ते आता ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं. टर्बोसाठी ते वाईट नाही, इथेनॉलमुळं नॉकिंगला, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटण्याला, आळा बसतो. पण इंधन जास्त लागतं. साध्या पेट्रोलला हवेचं प्रमाण 14.7 ला एक, ई-20 ला साधारण साडेतेराला एक. म्हणून इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग) मिनिटाला 380 सीसी पुरतील असं गणित आलं तिथं मी 440 चे धरले. आणि जुन्या गाडीतली रबरी नळी, डायफ्रॅम, सील, सगळं इथेनॉल सोसणारं पाहिजे. काकांच्या साध्या गाडीतही मी हे बदललं. तुमची गाडी तीस वर्षांची असेल आणि बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर टर्बो राहू दे, आधी नळ्या बदला.

कार्बोरेटर जाणार, त्याच्याबरोबर डिस्ट्रिब्युटरही. क्रँकची जागा सेन्सरला कळावी म्हणून तिच्यावर 60 वजा 2 दात्यांचं चक्र आमच्याच शॉपमध्ये व्हीएमसी यंत्रावर कापून घेतलं, सेन्सर बाजारातला. वेगळा प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (इंधन आणि ठिणगी सांभाळणारा संगणक) आणि वायरिंग मिळून सव्वा लाख. यादीतली ही दुसरी मोठी रक्कम. इथं काटकसर करावी असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. इंजिन वाचवतो तो हाच.

पहिली मोठी रक्कम फोर्ज्ड (घडीव) पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडची. परदेशातून मापावर बनवून घ्यायचे होते. मोजमापं ऑगस्ट 2025 मध्ये तयार होती. तेवढ्यात जीएसटी कमी होण्याची चर्चा सुरू झाली. मी थांबलो, आणि 22 सप्टेंबरपासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा 28 टक्के दर 18 वर आला. आयातीवरचा जीएसटीही त्याच दरानं लागतो. ऑर्डर ऑक्टोबरच्या सुरुवातीला टाकली. बनवायला दोन महिने, कस्टम्समध्ये आणखी थोडे दिवस. तिथं इनव्हॉइसवर नुसतं ‘इंजिन पार्ट्स’ लिहिलेलं चालत नाही. प्रत्येक भागाचं नाव, नग, एचएसएन कोड (मालाच्या वर्गाचा क्रमांक) वेगळा लिहून घ्या, म्हणजे खुलासे मागवण्यात वेळ जात नाही. घरपोच एक लाख अडुसष्ट हजार पडले. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात खोकं आलं. मी पिस्टन मोजायला शॉपमध्ये नेले, चारही वजनाला अर्ध्या ग्रॅमच्या आत.

फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून बोअर-पिस्टनमधली जागा बनवणाऱ्यानं दिलेल्या कागदाप्रमाणे ठेवायची, मिस्त्रीच्या अंदाजानं नाही. मामांना हे पटवायला वेळ लागला. थंड इंजिनात हे पिस्टन थोडे खडखडतात म्हटल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं. ही जागा पिस्टन हातात आल्यावरच ठरते, म्हणून बोअरिंगला आम्ही पिस्टन येईपर्यंत हातच लावला नव्हता. आता ब्लॉक होनिंगला (बोअर घासून मापात आणायला) गेलाय, प्रत्येक सिलिंडर त्याच्या पिस्टनच्या मापानं.

सगळं मिळून आकडा सव्वासहा लाखांच्या आसपास जातो. यात क्लच, इंटरकूलर, केज आणि डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ट्यूनिंगसाठी बाजूला ठेवलेले चाळीस हजार धरलेत. माझी मजुरी धरलेली नाही. दोन्ही टर्बो, किटसकट, एकतीस हजार. म्हणजे शंभर रुपयांत पाच रुपये. गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल किती सोसेल ते चालवूनच कळेल, त्यासाठी सुरुवातीला बूस्ट 0.4 वरच ठेवायचा असं ठरवलंय. बायकोनं विचारलं, “एवढे पैसे घालून गाडी घराबाहेर काढायची न्हाई, ती न्हाईच?” ट्रेलरवर घालून कोइम्बतूरच्या करी स्पीडवेला किंवा चेन्नईच्या ट्रॅकला न्यायची, असं मी सांगितलं. तिनं ट्रेलरचं भाडं विचारलं. ते मी अजून यादीत घातलेलं नाही.

मॅनिफोल्डचा पॅटर्न आणि कोअर बॉक्स अण्णांकडंच आहेत आणि ओतलेला जादा जोड माझ्याकडं पडून आहे. कुणाकडं हेच 1.8 चं इसुझू इंजिन असेल तर जोड येऊन घेऊन जा, पैसे धातूचे तेवढे. येताना आपल्या हेडच्या एक्झॉस्ट पोर्टचं मधलं अंतर आणि स्टडचा व्यास व्हर्नियरनं मोजून आणा. जुनी हेड फेसिंग करून, स्टड बदलून आलेली असतात आणि माझ्या ड्रॉइंगशी जुळतीलच असं नाही.